पाळीचं फावडं

जांबुडी गावात मराठ्यांची दोनच घरं, आणि दोन्ही घरांत भिंतीवर तलवार. कुणी खापरपणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या पागेत होते, त्यांना वाघोडियाच्या पुढं ही जमीन मिळाली, एवढं सगळ्यांना पाठ. तलवारी दसऱ्याला पुसायच्या, हळदकुंकू लावायचं आणि पुन्हा खिळ्याला टांगायच्या. बाकी वर्षभर शिवारात खरा मान होता तो एका फावड्याला.

ते फावडं प्रतापसिंह सुर्व्यांच्या ओसरीत उभं असायचं. बाभळीचा दांडा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. कालव्याला इथं केनाल म्हणतात; त्याच्या एका मोरीतून निघालेल्या पाटावर चार शेतं भिजायची. केनालला पाणी सुटलं की फावडं बाहेर निघायचं. ज्याच्या बांधावर ते रोवलेलं, पाणी त्याचं. त्याचं रान भिजून झालं की त्यानं फावडं स्वच्छ धुवायचं आणि आपल्या हातानं पुढच्याच्या बांधावर नेऊन रोवायचं. सह्या नाहीत, पंचायत नाही. अंधार पडला की मोरी बंद, उजाडलं की उघडायची. आणि फावडं ज्याच्या घरी राहतं, त्याचं रान सगळ्यांत शेवटी भिजायचं.

हे शेवटचं कलम त्यांच्या बायकोला, मोहनाला, लग्न होऊन आल्यापासून खुपत होतं. बडोद्याला नागरवाड्यात वाढलेली मुलगी ती. नळाला पाणी आलं की आधी आपला हंडा भरायचा, एवढंच तिला ठाऊक. इथं आली तर सगळंच उलटं. त्यांचं शेत मोरीपासून दुसरं. चुलतदीर पिलाजीरावांचं पहिलं. तिथलं भिजलं की पाणी यांच्या बांधाला खेटून खळखळत पुढं रावजीभाईंकडं, तिथून पार टोकाला मंगूबेनकडं, आणि सगळ्यांची पोटं भरली की मग यांच्याकडं.

"आपल्या नाकासमोरून पाणी जातं आणि आपण बघत बसायचं," ती म्हणायची. "तुम्ही पाण्याचे मालक की पाण्याचे हमाल?"

"मालक कुणीच नाही," प्रतापसिंह म्हणायचे. "पागेत घोडी पाणी प्यायल्याशिवाय पागेदार पाण्याला तोंड लावायचा नाही. आपल्या घरची रीत आहे ती."

खरं-खोटं त्या घोड्यांनाच ठाऊक. मोहना म्हणायची, "घोडी मेली, पागेदार गेले, महाराजांचं राज्यही गेलं. माझे वाफे तेवढे कोरडे राहिले." प्रतापसिंह मिशीत हसायचे आणि फावडं खांद्यावर टाकून चालू लागायचे. हसणाऱ्या माणसाशी बाईनं भांडायचं तरी किती!

यंदा गव्हाचा हट्ट तिचा होता. प्रतापसिंह म्हणत होते, हरभरा पेरू, त्याला पाण्याची फार तहान नाही, आपली पाळी शेवटची. मोहनानं ऐकलं नाही. "दरवर्षी हरभरा! मांजलपूरला आपल्या हेरंबकडं गेलं की वैष्णवी पाकिटातल्या पिठाची पोळी वाढते आणि वर म्हणते, आई, तुमचं शेत आहे ने? यंदा माझ्या रानातल्या गव्हाचं पोतं मी सुनेच्या दारात नेऊन ठेवणार." गहू पेरला, आणि आला तो असा आला की उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसांत रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा. ओंब्या बाहेर पडल्या, दाणा चिकात आला. आता एकच पाणी हवं होतं, शेवटचं. मिळालं तर दाणा टपोरा. नाही मिळालं तर चिमलेली टरफलं, कोंबडीसुद्धा चोच मारणार नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात प्रतापसिंह मोरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. वाघोडियाला नेलं, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये घालून आणला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "केनालला पाणी कधी सुटतंय?"

संध्याकाळी पिलाजीराव भेटायला आले. हातात केळी, पायांत नवे बूट. दोन गोष्टी पायाबद्दल बोलले, दोन थंडीबद्दल, आणि मग नजर ओसरीतल्या कोपऱ्याकडं गेली.

"वहिनी, ते फावडं माझ्याकडं द्या. प्रतापदादा उठेपर्यंत मी बघतो सगळं."

इतकी वर्षं मोहनाला ते फावडं केनालमध्ये फेकून द्यावंसं वाटत होतं. आज कुणी आपणहून मागतंय, द्यावं की! पण तिनं नवऱ्याकडं पाहिलं. प्रतापसिंह छताकडं बघत होते आणि हाताची बोटं खाटेच्या नवारीत घट्ट रुतली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या भावजी. मी नेईन."

"तुम्ही?" पिलाजीराव हसले. "वहिनी, दारं धरणं म्हणजे भाकरी थापणं नाही."

"भाकरीसुद्धा कुठं तुम्हाला थापता येते," मोहना म्हणाली आणि केळी उचलून आत गेली. 

पाणी सुटलं. मोहनानं पदर कमरेला खोचला, प्रतापसिंहांचा जुना स्वेटर चढवला आणि फावडं नेऊन पिलाजीरावांच्या बांधावर रोवलं. थंडी अशी की पाटात पाय घातला की घोट्यापर्यंत सुया टोचायच्या. दारं म्हणजे वाफ्याचं मातीचं तोंड, ते उघडून पाणी आत घ्यायचं; काम मात्र साधं नव्हतं. पाट जागोजागी गवतानं भरलेला, उंदरांनी भोकं पाडलेली, बाभळींना लटकलेला पतंगांचा मांजा पायांत अडकायचा. एक भोक बुजवावं तर पुढं दुसरं. चिखल फावड्याला चिकटून फावडं दुप्पट जड व्हायचं. पहिल्याच दिवशी दोन्ही तळव्यांना फोड आले, कंबर धरली. घरी येऊन ती ओसरीतच बसली तर उठताना खांबाचा आधार घ्यावा लागला.

"हात दाखव," प्रतापसिंह म्हणाले.

"काही नाही झालं."

"दाखव गं." त्यांनी तिचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, "दांडा वरून धरू नकोस. एक हात खाली, अगदी लोखंडाजवळ. आणि जोर हाताचा नाही लावायचा, मांडीचा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिलाजीरावांचं रान भिजायला हवं होतं. मोहना फावडं मागायला गेली तर ते म्हणाले, "खालचा पट्टा राहिलाय." ती खालच्या पट्ट्यात जाऊन आली. तिथं घोट्याएवढं पाणी साचलं होतं, आणि पलीकडं जनावरांसाठी लावलेल्या रजक्यात दुसरं दारं खुशाल उघडं होतं. तोंडावर आलेली शिवी तिनं गिळली. भांडू नकोस, प्रतापसिंहांनी सकाळीच बजावलं होतं. तो हटून बसला तर तूही बस. बसलेल्या बाईला माणूस फार वेळ सहन करू शकत नाही.

ती बांधावर बसली. पिलाजीराव बिडी ओढून आले, ती बसलेली. चहा पिऊन आले, ती बसलेली. रस्त्यानं जाणारे येणारे विचारू लागले, "शुं थयुं, मोहनाबेन?" ती म्हणायची, "काही नाही, फावड्याची वाट बघतेय." शेवटी पिलाजीरावांनी वैतागून फावडं उपसलं आणि न धुताच तिच्या पायांपुढं टाकलं. चिखल तिच्या लुगड्यावर, हनुवटीवर उडाला.

"घ्या तुमचं राज्य!"

मोहनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला वेळ कुणाला होता? तिनं पाटात फावडं धुतलं, तोंडही धुतलं आणि रावजीभाईंच्या बांधाकडं चालू लागली.

रावजीभाई हा मोजकं बोलणारा माणूस. एरंडीला पाणी दिलं, कुणाशी शब्द नाही, आणि पुढच्या दिवशी दुपारी चकचकीत धुतलेलं फावडं घेऊन ते पाटाच्या वळणावर उभे. "लो मोहनाबेन, मारुं पती गयुं, माझं झालं. मंगूबेन तर कामावर गेली आहे. तिच्या बांधावर मी नेऊ की तुम्ही न्याल?"

"द्या माझ्याकडं. मी नेते," मोहना म्हणाली.

तेवढ्यात केनालचा चौकीदार मोटरसायकलवरून आला. गाडी न थांबवताच ओरडला, "उद्या संध्याकाळी पाणी बंद! वर काम निघालंय. मग होळीच्या पुढंच!" आणि धुरळा उडवत निघून गेला.

मोहना जागीच उभी राहिली. उद्या संध्याकाळी! आता मंगूचं रान. मंगू टोकाला. या पाटानं पाणी तिथं पोचायलाच दुपार सरेल. मग तिचे कांदे भिजणार उद्या दुपारपर्यंत, तोवर केनाल उतरायला लागलेलं, आणि आपल्या गव्हाला काय? शेवटचा चिखल. रावजीभाई गेले तरी ती तिथंच उभी होती. डाव्या हाताला तिचा गहू वाऱ्यावर हलत होता. खालची पानं पिवळी पडायला लागलेली तिला एवढ्या लांबूनही दिसत होती. आणि मंगू तर वाघोडियाला, पॅकिंगच्या कामावर. संध्याकाळच्या बसनं येणार. तिच्या बांधावर आत्ता काळं कुत्रं नव्हतं.

पाणी आधी जवळच्याला दिलं तर वाया कमी जातं, मोहना मनाशी म्हणाली. चोरी थोडीच आहे, नुसता क्रम बदलतोय. आपलं संध्याकाळपर्यंत होईल, मंगूचं उद्या. असं घोकत घोकत तिनं फावडं आपल्या बांधावर रोवलं, पाटाला आडवी माती घातली आणि गव्हाचं दारं उघडलं.

काय सांगावं त्या सुखाचं! भेगाळलेली जमीन चुरचुर आवाज करत पाणी पिऊ लागली. वाफ्यातून फेस निघाला, किडे बाहेर पळाले, कुठून तरी बगळे येऊन उतरले. मोहना बांधावर बसून पाण्याचं टोक पुढं सरकताना बघत राहिली आणि तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. पहिले वाफे तुडुंब झाले तशी ती नवऱ्याच्या जेवणासाठी घरी गेली. लांब लांब पावलं टाकत, गाणं गुणगुणत.

भाकरी तव्यावर होती. प्रतापसिंहांनी खाटेवरून विचारलं, "फावडं कुठंय?"

"मंगूच्या बांधावर." तिनं मान वर केली नाही.

"बरं झालं." त्यांनी प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी सरकवला. मग म्हणाले, "तुला एक सांगू? कधी बोललो नाही. मलाही वाटतं गं. दरवेळी वाटतं. पाणी आपल्या बांधावरून पुढं नेताना आपल्या पिकाकडं बघवत नाही. म्हणून मी मान वळवून चालतो. केनालकडं बघत. लोकांना वाटतं, सुर्वे पाट तपासतायत." ते हसले. "अगं, नुसता बहाणा. बघितलं तर हात आपोआप दारं उघडेल, म्हणून बघत नाही."

इतक्या वर्षांचा संसार, आणि ह्या माणसालाही तहान लागते हे मोहनाला आज कळत होतं. तिला वाटायचं, हा मुळातच थंड रक्ताचा, घोड्यांच्या गोष्टी सांगणारा.  तव्यावरची भाकरी करपून धूर झाला, प्रतापसिंह "अगं, भाकरी!" म्हणाले तोवर ती पायरी उतरलीही होती.

शेतावर येते तो बगळे उडून गेलेले. गव्हात शिरणारं पाणी करंगळीएवढं झालेलं. वर पाहिलं तर पिलाजीरावांच्या रजक्याचं दारं सताड उघडं, आणि स्वतः पिलाजीराव कमरेवर हात ठेवून उभे. खाली पाहिलं तर तिनं आडवी घातलेली माती अर्धी उकरलेली, उरलेलं पाणी रावजीभाईंच्या एरंडीत. रावजीभाई! ज्यांनी आयुष्यात कुणाच्या बांधावरचं गवत उपटलं नाही ते!

"रावजीभाई, तुम्ही?"

रावजीभाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. "तमे लीधुं," ते हळूच म्हणाले, "एटले में पण लीधुं." तिनं घेतलं, म्हणून त्यांनीही घेतलं.

आणि वरून पिलाजीरावांचा आवाज आला, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा. "काय वहिनी! पागेदारीणबाईंनी आधी पाणी पिलं, मग घोड्यांनी काय पाप केलंय?"

मोहनाचे कान तापले. इतक्या वर्षांची रीत, आणि ती मोडायला एक दुपार पुरली. तिला पिलाजीरावांचा राग आला नाही हेच नवल. त्यांचं काय चुकलं? फावडं तिच्या बांधावर रोवलेलं त्यांनी पाहिलं, आणि तसंच केलं. तिनं फावडं उपसलं आणि आधी आपल्या गव्हाचं दारं बुजवलं. एक फावडं, दोन फावडी, वरून पायानं माती दाबली. गहू अर्धाही भिजला नव्हता. मग आडवी घातलेली माती सगळी काढली आणि पिलाजीरावांच्या बांधावर जाऊन उभी राहिली.

"भावजी, माझं चुकलं. पाळी मंगूची होती, मी घेतली. माझं दारं बंद केलंय. तुम्हीही करा."

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं." पिलाजीरावांनी तोंडातली सुपारी इकडची तिकडं केली. "मोठ्यानं म्हणा ने, रावजीभाईंनाही ऐकू दे."

हे असं काहीतरी होणार हे तिला ठाऊक होतं. तिनं मोठ्यानं म्हटलं. "माझं चुकलं! पाळी मंगूची होती!" शब्द पलीकडच्या बाभळींपर्यंत गेले. पिलाजीरावांनी सुपारी थुंकली. दारं मात्र त्यांनी बुजवलं नाही. मोहना आणखी एक शब्द न बोलता वळली आणि फावडं घेऊन पाटानं खाली निघाली. गवत उपटत, भोकं बुजवत. आपल्या गव्हाजवळून जाताना तिनं मान केनालकडं वळवली.

रावजीभाईंच्या बांधाशी आली तर त्यांचं दारं बंद झालेलं आणि ते हात धूत होते. दोघांनीही एकमेकांना पाहिल्याचं दाखवलं नाही.

मंगूच्या बांधावर फावडं रोवून ती बसली. पाटात ओलीचा मागमूस नव्हता. पिलाजीरावांनी बंद केलं नाही तर इथं थेंबही पोचायचा नाही. ऊन कलायला लागलं. मंगूचे कांदे माना टाकून पडलेले. बस यायची वेळ झाली की मंगूला काय सांगायचं, हे ती जुळवत राहिली, आणि जुळेना. इतक्यात पाटातल्या वाळक्या पानांनी हालचाल केली. पाणी आलं! आधी एक बारीक जीभ, मग वीतभर, मग अख्खा पाट भरून, गढूळ, काड्याकुड्या घेऊन. एवढं पाणी म्हणजे वरचं दारं बंद झालं होतं. कधी आणि कसं, ते तिनं पाहिलं नाही, पण छातीवरचा धोंडा उतरला आणि ती उठून मंगूच्या वाफ्यात दारं धरायला लागली.

मंगू डबा हलवत आली तोवर तिच्या कांद्याच्या पहिल्या ओळी चमकत होत्या. "आ शुं, बेन? तू का राबतेस माझ्या शेतात?"

मोहनानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मंगूनं ऐकून घेतलं, डबा बांधावर ठेवला, आणि मग तिला हसूच फुटलं. "आयुष्यात एक चोरी केलीस, मोहनाबेन, आणि तीही अर्धी!"

"हसू नको गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"मग काय रडू? रोज सकाळी बसला जाताना तुझ्या गव्हाजवळून जाते. मलाच वाटायचं, ह्याला पाणी द्यावं. तुझं तर शेत." तिनं साडी खोचली. "चल, दाखव कुठवर आलंय."

मोरी बंद करून मोहना घरी आली तेव्हा प्रतापसिंह करपलेली भाकरी दुधात कुस्करून खात होते. तिनं त्यांनाही सांगितलं. ते खात राहिले.

"बोला ना काहीतरी!"

"भाकरी करपली तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "तू भाकरी करपू देणारी बाई नव्हेस."

सकाळी उजाडता उजाडता तिनं मोरी उघडली. केनालचं पाणी हातभर उतरलं होतं. म्हणजे आज दुपारपर्यंतच काय ते. मंगूचं व्हायला तेवढं लागणार. मोहनानं मनाची समजूत घातली, गेला गहू तर गेला. अर्धा तर अर्धा. सूनबाईला पोत्याऐवजी पिशवी नेऊ. पण समजूत घातल्यानं दुखायचं थांबत नाही, आणि ती पाटाच्या कडेला उगाच ढेकळं फोडत बसली.

आणि ऊन नीट वर येण्याआधीच मंगू पाटानं वर येताना दिसली. हातात फावडं. धुऊन लख्ख केलेलं, दांड्यावरून पाणी ठिबकणारं.

"घे. माझं झालं."

"इतक्यात? खोटं बोलू नकोस. मागचे वाफे कोरडे असतील तुझे."

"कांद्याला शेवटी पाणी कमी दिलं तर तो जास्त टिकतो," मंगू म्हणाली. "तुला नागरवाड्याच्या बाईला काय कळतं? आज खाडा केलाय मी कामाला, वेळ घालवू नको. रोव ते."

मोहनाला तिचा हात धरावासा वाटला, पण हातात फावडं होतं. तिनं ते बांधावर रोवलं. दारं उघडलं. पाणी आलं, पण बारीक. केनाल उतरत होतं आणि पाट वाटेत पीत होता. एक वाफा भरायला जीव जात होता. शेवटच्या पट्ट्यापर्यंत हे पोचणार नाही, दोघींनाही दिसत होतं. मंगू पाटात उतरून गाळ काढू लागली. आणि थोड्या वेळानं पाणी जरा फुगलं. मोहनानं मान उंच करून वर पाहिलं.

पिलाजीराव पाटात उभे होते. नवे बूट बांधावर काढून ठेवलेले, पँट गुडघ्यापर्यंत, आणि हातानं उंदरांची भोकं बुजवत होते. पहिल्या शेताचा मालक, पाटाच्या गळतीशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. भोक बुजवायची रीतही धड नव्हती, एक बुजवलं की दुसऱ्यात पाय जात होता.

"भावजी, चिखल नुसता टाकू नका," मोहनानं ओरडून सांगितलं. "गवताचा बोळा कोंबा आधी!"

"मला शिकवू नका!" ते ओरडले आणि गवत उपटायला लागले.

रावजीभाई कधी आले कळलंच नाही. पाट जिथं पुढं वळतो तिथं मातीचा असा बांध घालून बसले की एक थेंब खाली जाईना. मग काय, चौघांनी मिळून त्या पाण्याला लाडानं, धाकानं गव्हात नेलं. मंगूनं गाळ काढायचा, पिलाजीरावांनी गळती थांबवायची, मोहनानं एकेका वाफ्याचं दारं मोडत पुढं जायचं. दुपार झाली, कुणी जेवायला हललं नाही. केनालचं पाणी मोरीच्या तोंडाशी आलं, मोरीखाली गेलं. पाटातलं शेवटचं पाणी धावत आलं, आणि टोकाच्या वाफ्यात ओंब्यांच्या बुडाशी जाऊन थांबलं. अगदी कोपऱ्यात एक कोरडा तुकडा राहिला, खाटेएवढा. मोहना त्याच्याकडं बघून मोठ्यानं हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

चौघं बांधावर बसली. अंगभर चिखल.  मोहनानंच फावडं धुतलं आणि मधोमध ठेवलं.

"हे आता माझ्या घरी राहायचं नाही," ती म्हणाली. "काल बघितलंत तुम्ही. एकाच घरी फावडं राहिलं की त्या घरानं वर्षानुवर्षं चांगलंच राहायचं. ह्यांनी राहून दाखवलं, माझ्याच्यानं एक दुपार झालं नाही. दरवेळी एकानं न्यायचं, आणि नेईल त्याचं रान शेवटी. आळीपाळीनं चांगलं राहू या, म्हणजे झेपेल."

रावजीभाईंनी मान डोलावली. मंगू म्हणाली, चालेल. पिलाजीराव बराच वेळ तळहातावरची साल बघत राहिले. मग उठले, बूट एका हातात घेतले, फावडं दुसऱ्या हातात. "होळीनंतरची पाळी माझी," म्हणाले, आणि मागं न बघता निघाले.

घरी प्रतापसिंह खाटेवर उठून बसले होते. तिला बघताच म्हणाले, "मंगूचं झालं?"

"झालं."

"आणि आपलं?"

"आपलंही झालं," मोहना म्हणाली. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला, आणि तिला दिसलं की सकाळपासून हा माणूस श्वास धरूनच बसला होता.

गहू टपोरा निघाला. पोतं मांजलपूरला गेलं. वैष्णवीनं दळून आणलेल्या पिठाच्या पोळ्या केल्या आणि हेरंबनं नेहमीपेक्षा दोन जास्त खाल्ल्या.

होळी झाली, ऊन चढलं, केनालला पुन्हा पाणी सुटलं. रानात आता उन्हाळी बाजरी होती. प्रतापसिंह काठी टेकत पहिल्यांदाच शेतावर आले आणि आपल्या बांधावर रोवलेलं फावडं बघून अवघडल्यासारखे उभे राहिले. पहिल्या पाण्याची त्यांना सवयच नव्हती. मोहना दारं धरत होती. पाणी पिलाजीरावांच्या शेताला खेटून खाली येत होतं, आणि त्यांच्या बाजरीनं पानं मिटून घेतली होती. स्वतः पिलाजीराव मोरीपासून पाटानं चालत येत होते, फार बारकाईनं काहीतरी तपासल्यासारखे. मान पार केनालकडं वळलेली.

"बघ, बघ," प्रतापसिंह काठीनं दाखवत हळूच म्हणाले. "मान बघ कशी वळवलीय."

मोहनाला हसू आलं, पण ते तिनं पदरात लपवलं. तिनं शेवटच्या पट्ट्याकडं पाहिलं. अजून थोडं पाणी चाललं असतं. तिनं दारं बुजवलं, फावडं पाटात धुतलं आणि रावजीभाईंच्या बांधाकडं झपाझप चालू लागली, म्हणजे पिलाजीरावांचा नंबर जरा लवकर लागेल.